रुद्रय्याची तीन भांडणं

मी शिट्टी बोलतेय. जत्रेतली प्लास्टिकची नव्हे हां! पितळेची, बोटभर लांबीची, कामाची शिट्टी आहे मी. अडतीस वर्षं एकाच माणसाच्या ओठात वाजले. त्या माणसाचं नाव रुद्रय्या. गेल्या पंधरा दिवसांत त्याच्याबद्दल जे काही बाहेर आलं, ते पोटात ठेवून मी फुटायच्या बेताला आलेय. म्हणून आज बोलूनच टाकते.

माझा जन्म कोल्हापुरातल्याच एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, डाख दिला, पोटात बुचाचा एक मणी टाकला आणि झाले मी तयार. तिथून मी भवानी मंडपाजवळच्या बँडचं सामान विकणाऱ्या दुकानात आले. शेजारी चकचकीत ट्रंपेट, वर टांगलेले ढोल. आपणही एक दिवस वरातीत मिरवणार, अशा ऐटीत मी काचेआड पडून होते. १९८६ साल होतं. एक उंच, किडकिडीत, नुकती मिशी राखलेला पोरगा दुकानात शिरला. गडहिंग्लजकडच्या नेसरीचा. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत आवाज सारखाच मोठा.

"पावणं, हिचा आवाज रंकाळ्याच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत जाईल काय?"

"फुंकून बगा की," दुकानदार म्हणाला.

"उष्टी केल्यावर घ्यायलाच लागंल न्हवं?"

"व्हय की!"

"मग घेतलीच म्हणायची," असं म्हणून त्याने मला तोंडात धरलं आणि अशी काही फुंकली की समोरच्या हॉटेलातला वेटर पळत आला. त्या पहिल्या श्वासालाच मी त्याची झाले.

रुद्रय्या शहर बसवर कंडक्टर म्हणून लागला होता. गाडी मागे घेताना मी वाजायची, गर्दीत दारावर लोंबकळणाऱ्यांना दटावताना मी वाजायची. काय दिवस होते ते! गंगावेशीतून गाडी निघाली की दुधाच्या किटल्या, भाजीची गाठोडी, कॉलेजची पोरं, सगळा गलका एकदम चढायचा आणि त्या सगळ्यांवर माझा आवाज! लोक त्याला नावाने ओळखायचे. बाईमाणूस उतरत असेल तर दोन्ही पाय जमिनीला लागल्याशिवाय तो मला वाजवत नसे. ड्रायव्हर वैतागायचा, पण रुद्रय्या ऐकतोय थोडाच.

एक वर्षाने त्याचं लग्न झालं. बायको शांतव्वा, कुरुंदवाडची. बोलायला फटकळ, मनाने लोण्यासारखी, हे सगळ्याच बायकांबद्दल म्हणतात, पण हिच्या बाबतीत पहिला भाग नक्की खरा. शाहूपुरीतल्या एका गल्लीत दोन खोल्यांत संसार सुरू झाला. आधी सुष्मिता झाली आणि सहा वर्षांनी शशिधर.

आता पहिल्या भांडणाकडे येते. आमच्या गल्लीत रुद्रय्याची तीन भांडणं प्रसिद्ध आहेत. कुणालाही विचारा, हातवारे करून सांगतील. पहिलं बस डेपोतलं. साहेब काहीतरी बोलला म्हणून रुद्रय्याने त्याच्या टेबलावर अशी मूठ आपटली की शाईची दौत उडाली, आणि "ठेव तुझी नोकरी" म्हणून तो बाहेर पडला!

खोटं! साफ खोटं! मी त्याच्या गळ्यातच होते की.

खरं सांगते. शशिधर झाल्यावर शांतव्वा अंथरुणाला खिळली. अशक्तपणा म्हणजे किती, तर बाळाला मांडीवर घ्यायचीही ताकद नाही. आई-सासू दोघीही नव्हत्या. रुद्रय्याने होती नव्हती तेवढी रजा संपवली. लंगोट धुतले, भात शिजवला, सुष्मिताच्या वेण्या घातल्या. वेण्या वाकड्या यायच्या, पण घालायचा. रजा संपली तेव्हा तो साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. साहेब चांगले होते. म्हणाले, "रुद्रय्या, कायमची नोकरी हाय. अशी सोडू नगंस. जरा इचार कर." रुद्रय्याच्या डोळ्यांतलं पाणी थेट माझ्यावर पडलं. "सायेब, घरात बाई उठत न्हाय," एवढंच तो म्हणाला आणि त्याने राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवला. ठेवला, आपटला नाही!

आणि मग गल्लीच्या तोंडाशी काय झालं बघा. चहाच्या टपरीवर चारजण उभे होते. एकाने विचारलं, "काय रुद्रय्या, आज दुपारीच?" रुद्रय्याचा माझ्याकडे हात गेला, दोरी नीट केली, छाती पुढे काढली आणि म्हणाला, "सोडली नोकरी! हाणली मूठ सायबाच्या टेबलावर!"

मी तर गारच पडले. अहो, आमच्या कोल्हापुरात साहेबाशी भांडून नोकरी सोडणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात. बाळाचे लंगोट वाळत घालायला सोडली म्हटलं असतं तर जन्मभर टिंगल! चौघांनी त्याला चहा पाजला, पाठीवर थापा मारल्या. संध्याकाळपर्यंत दौतसुद्धा उडाली होती.

घरी शांतव्वाने हे ऐकलं. महिन्याभराने तिच्या अंगात थोडी ताकद आली, तेव्हा ती पहिल्यांदा कशासाठी उठली असेल? खिडकीत उभं राहून त्याला शिव्या घालायला! "एक नोकरी धड टिकवता येत न्हाय! नाकावर राग!" गल्लीभर ऐकू गेलं. रुद्रय्या गालातल्या गालात हसत आतल्या खोलीत चहा टाकत होता. मला इतका संताप आला होता तिचा! वाटलं, कुणीतरी मला फुंका, मी सगळं सांगते.

दुसरी नोकरी उद्यमनगरातल्या फौंड्रीत. तिथे मी फार मोठी झाले! वितळलेल्या लोखंडाचं भांडं निघालं की रुद्रय्या पुढे चालत मला वाजवायचा, आणि माणसं बाजूला व्हायची. लालभडक उजेड, धग, आणि मी! नऊ वर्षांत कुणाच्या पायावर ठिणगीही पडू दिली नाही आम्ही. मालक पिराजीराव सगळ्यांना सांगायचे, "रुद्रय्याची शिट्टी असंतवर मला इम्याची गरज न्हाय."

ती नोकरी कशी सुटली? गल्लीला विचाराल तर, मालकाच्या तोंडावर हातमोजे फेकून! दुसरं भांडण.

आणि खरं असं, की सुष्मिता दहावीला गणितात नापास झाली. पोरगी खोलीतून बाहेर येईना, जेवेना. रुद्रय्याची पाळी दुपारी तीनची, म्हणजे संध्याकाळी पोरीजवळ बाप नाही. त्याने पिराजीरावांना सांगितलं, मला संध्याकाळी घरी असायला पाहिजे. सकाळच्या पाळीला जागा नव्हती. त्याने मोजे काढले, नीट घडी करून मालकाच्या हातात दिले आणि त्यांना वाकून नमस्कार केला. मग तीन महिने रोज संध्याकाळी तो सुष्मितासमोर पाटावर बसायचा. "अक्का, मी सातवी नापास. मला समजंस्तवर सांग." ती सांगायची, हा मान हलवून म्हणायचा, "न्हाय समजलं. परत." त्याला समजावता समजावता पोरीला बीजगणित पाठ झालं. ऑक्टोबरला पास! आज ती मलकापूरला शाळेत गणितच शिकवते. ह्याला खरंच समजत नव्हतं की सोंग होतं, ते मलाही अजून माहीत नाही.

शांतव्वा पुन्हा खिडकीत. पुन्हा तोच गजर.

तिसरी नोकरी साखर कारखान्यात. हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ओळीने आत सोडायचं काम. शेकडो गाड्या, बैलांच्या घंटा, धूळ, मळीचा वास, आणि कुणी मध्ये घुसलं की मी! आठ हंगाम केले. मग तेही सुटलं. गल्लीच्या म्हणण्याप्रमाणे रुद्रय्याने एका अधिकाऱ्याची कॉलर धरली. ह्या तिसऱ्या भांडणाची खरी गोष्ट थोडी पुढे सांगते. ती सांगताना माझाही आवाज चिरकतो.

शेवटची अकरा वर्षं तो एका मंगल कार्यालयाच्या दारात गाड्या लावायचा. नवरदेवाच्या गाडीला तो मला जरा लांब, लयीत वाजवायचा. मी शेवटी वरातीत मिरवलेच म्हणायची!

गेल्या वर्षी श्रावणात, सकाळच्या चहाच्या वेळी रुद्रय्या गेला, लिंगैक्य झाला. शांतव्वाने मला त्याच्या गळ्यातून काढलं आणि शशिधरच्या हातात दिलं. त्याने मला मोटारसायकलच्या किल्लीला अडकवलं.

हा शशिधर आता तिशीचा. शिरोलीत एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. नोकरी त्याला आवडत नाही. तरी नऊ वर्षं घट्ट धरून बसलाय. मित्रांनी विचारलं की म्हणतो, "मी अप्पासारखा न्हाय." लहानपणी शाळेच्या फॉर्मवर "वडिलांचा व्यवसाय" असा रकाना आला की ह्याचं तोंड कडू व्हायचं. आधी फौंड्री, मग साखर कारखाना, आता पुढे काय लिहायचं? बापावर जीव होता त्याचा, पण मनात एक अढी होती. अप्पा भांडखोर, अप्पाला घरादारापेक्षा आपला ताठा मोठा.

पहिलं पुण्यस्मरण जवळ आलं. कोल्हापुरात पुण्यस्मरण म्हणजे चौकात फ्लेक्स हवाच! आदर्श नावाच्या फ्लेक्सवाल्याचा फोन आला, "दादा, फोटो लावला. नाव टाकलं. नावाखाली काय टाकू? कंडक्टर का कारखाना?" शशिधरच्या मनात आलं, पुन्हा तोच रकाना. "दोन दिवसांनी सांगतो," म्हणाला.

त्याच दिवशी त्याने एक ठरवलं. अप्पाने ज्यांच्याशी भांडणं केली त्या सगळ्यांच्या घरी स्वतः जायचं, पत्रिका द्यायची आणि अप्पाच्या वतीने माफी मागायची. गेलेल्या माणसाचं कुणाशी वैर राहू नये. मी किल्लीला लटकून ऐकत होते. अहो, माझ्या पोटातला मणी नाचायला लागला! तीस वर्षांनी आता खरं बाहेर येणार!

पहिले पिराजीराव. ऐंशीला आलेले, ओसरीवर आरामखुर्चीत. शशिधरला ओळखलं नाही. "या पावणं, बसा. कुणाकडचं म्हणायचं?"

"मी रुद्रय्याचा मुलगा. शशिधर."

म्हातारा ताडकन उठला! "आरं, आमच्या रुद्रय्याचा? आगं, च्या टाका! न्हाय, दूध आण!"

शशिधर खाली मान घालून, पाठ केल्यासारखं बोलला. "काका, अप्पांचा स्वभाव तापट होता. त्यांनी तुमच्या तोंडावर मोजे फेकले. त्यांच्या वतीनं मी माफी मागायला आलोय."

पिराजीरावांनी कानामागे हात धरला. "कुणी फेकलं? काय सांगालाईस पोरा? रुद्रय्यानं? आरं, त्यो माणूस माझ्या पाया पडून गेला! पोरगी नापास झालीया, तिच्याजवळ बसाय पायजे म्हणाला. मी म्हटलं, आरं पोरीसाठी कुणी नोकरी सोडतंय व्हय? तर म्हणला, मालक, नोकरी परत गावंल, पोरगी रुसली तर न्हाय गावायची. मोजं घडी करून दिलतं त्येनं. कपाटात हाईत अजून!"

शशिधरच्या हातातली किल्ली गच्च आवळली गेली आणि त्यात मी! मला लागलं, पण तेही गोड वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला इतकं घट्ट धरलं होतं, रुद्रय्या सोडून.

तिथून त्याने गाडी जी पळवली! राजारामपुरीत निवृत्त डेपो साहेबांचं घर. ह्या वेळी त्याने माफी मागितली नाही, थेट विचारलं, "साहेब, आमच्या अप्पांनी नोकरी का सोडली?" साहेबांनी त्याला निरखून बघितलं. मग म्हणाले, "तू शशिधर न्हवं? मग तू इच्यारालाईस हे नवलच. तुझ्यासाठीच की. तू तीन महिन्याचा, आई अंथरुणात. रडला हुता बिचारा माझ्यापुढं. तुझं लंगोट धुवायला घरात दुसरं कोन हुतं?"

बाहेर येऊन शशिधर गाडीवर बसला, पण किल्ली फिरवली नाही. मला वाटलं, आता तो कारखान्यावर जाणार, तिसऱ्या भांडणाची चौकशी करायला. पण त्याला कुणाला विचारायची गरजच पडली नाही. त्याला ते स्वतःलाच आठवलं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. एकदा जेवताना म्हणाला होता, "अप्पा, आमच्या वर्गातली पोरं महिनाभर तुमच्या कारखान्यात ट्रेनिंगला येणारेत. मीपण." एवढंच. पुढे काही बोलला नव्हता. ताटात बघत भात चिवडत बसला होता. बैलगाड्यांमध्ये धुळीने माखलेला, शिट्टी मारत पळणारा बाप मित्रांना दिसणार, म्हणून. रुद्रय्याने त्याच्या ताटात आमटी वाढली आणि दुसऱ्या आठवड्यात घरी येऊन सांगितलं, "धरली कॉलर! सोडली नोकरी!"

तिशीचा माणूस भर रस्त्यावर, भर दुपारी, मोटारसायकलच्या टाकीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. मीही रडले असते, पण पितळेला ती सोय नाही.

आता खरी पंचाईत उभी राहिली. आव्वाला, म्हणजे शांतव्वाला, सांगायचं का? ज्या माणसाला ती तीस वर्षं खिडकीतून बोल लावत आली, तो तिच्यासाठी, तिच्या लेकरांसाठी खोटी भांडणं सांगत फिरला, हे तिला आता कळलं तर? ज्याची माफी मागायची तो तर उरला नाही. उरलेलं आयुष्य ती स्वतःला खात बसेल. शशिधर गल्लीतून दोन चकरा मारून आला, तरी त्याचं ठरेना. मी एकदा म्हणत होते सांग, एकदा म्हणत होते नको.

शांतव्वा दारात बसून शेंगा फोडत होती. शशिधर तिच्यासमोर बसला आणि त्याला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. डेपो, मोजे, कॉलर, सगळं. "आव्वा, अप्पा कुणाशी कधी भांडलेच न्हाईत."

शांतव्वाचा हात थांबला नाही. शेंग फुटली, दाणे पातेल्यात पडले.

"मला काय सांगालाईस?" ती म्हणाली. "आरं, भांडून आलेला माणूस चपला जोडीनं काढून ठिवतोय व्हय? त्या दिवशी हे आलं, चपला सरळ लावल्या, हातपाय धुतलं, तुझी झोळी हलवून बगितली, आन मग मला म्हटलं, मूठ हाणून आलोय. मी तवाच वळखलं."

मी हादरले! मला वाटत होतं, हे गुपित जगात एकट्या मलाच ठाऊक!

"मग तीस वर्षं वरडत का हुतीस त्यांच्यावर?"

"मी वरडले न्हाय तर गल्ली खरं कशी मानंल?" शांतव्वा म्हणाली. "बायकोची धुणी धुवाय घरात बसला म्हणून लोक हसलं असतं. ह्यास्नी चाललं असतं ते. मला चाललं नसतं."

"अप्पांना ठाऊक हुतं, तुला कळलंय म्हणून?"

शांतव्वा पहिल्यांदा हसली. पदर डोळ्याला लावत हसली. "वरडून माझा घसा बसला की आलं घालून च्या कोन देत हुतं? एकदासुद्धा चुकला न्हाय च्या."

थोड्या वेळाने आदर्शचा फोन आला. शशिधर उत्साहाने म्हणाला, "आव्वा, मी खरं तेच लिहितो. कुटुंबासाठी सगळ्या नोकऱ्या सोडलेला बाप म्हणून."

"खबरदार!" शांतव्वा अशी कडाडली की शेंगांची टरफलं उडाली. "एवढी वर्षं दोघांनी मिळून राखलं आन तू चौकात टांगणार? लिव्ह, कुणापुढं न झुकलेला."

तसंच छापलं. "कधीही कुणापुढे न झुकलेले आमचे अप्पा." पुण्यस्मरणाच्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. सुष्मिता मलकापूरहून आली. टपरीवरचे म्हातारे फोटोखाली उभे राहून नव्या पोरांना दौत उडाल्याचं सांगत होते. तेवढ्यात पिराजीराव काठी टेकत आले. त्यांनी फ्लेक्स वाचला. शशिधरचा जीव टांगणीला लागला, आणि माझाही. पिराजीरावांनी एकदा शांतव्वाकडे बघितलं. शांतव्वाने फक्त मान हलवली. आणि म्हातारा टपरीकडे वळून मोठ्याने म्हणाला,

"व्हय व्हय! माझ्याच तोंडावर फेकलतं मोजं! लई जोरात लागलतं!"

गल्ली हसली. शांतव्वाही हसली, आणि तिने पिराजीरावांच्या हातात पहिलं ताट दिलं.

आता माझं म्हणाल तर, माझ्या पोटातला मणी झिजलाय. कुणी फुंकलं तर अर्धी हवाच निघते. पण कुणी फुंकत नाही. दुसऱ्याची उष्टी शिट्टी कोण तोंडात धरणार? शशिधर सकाळी किल्ली उचलतो तेव्हा अंगठ्याने मला एकदा पुसतो. तेवढं मला पुरतं.

तुम्हाला मात्र एक विनंती आहे. मी बोलायच्या भरात सगळं सांगून बसले. तुम्ही कधी शाहूपुरीत आमच्या गल्लीत आलात, टपरीवर चहा घेतलात आणि कुणी रुद्रय्याचं नाव काढलं, तर ऐकून घ्या, डोळे मोठे करा आणि म्हणा, "काय सांगताय! खरंच मूठ हाणली?"